विश्रामबागेत टॅपवर खरी काळी बिअर मिळतेय (सांगली-मिरजकरांसाठी)

कृष्णाकाठ

सांगलीत सध्या काळी बिअर टॅपवर मिळते आहे. बाटलीतली नाही, कॅनमधली नाही; केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून ओतलेली, ताजी. विश्रामबागच्या ज्या परमिट रूममध्ये आमच्या भागातली निम्मी मंडळी मॅच बघायला बसतात, तिथेच. नाव इथे टाकत नाही, उगाच जाहिरात वाटायची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर सांगेन.

काउंटरमागच्या फळ्यावर खडूनं 'ब्लॅक लागर, फ्रेश' एवढंच लिहिलंय, त्यामुळे बहुतेकांच्या ते ध्यानातच येत नाही. मालकांना विचारलं तर त्यांनी केगच्या गळ्यातली चिठ्ठी दाखवली: श्वार्ट्झबिअर (जर्मन काळी बिअर), ४.८ टक्के अल्कोहोल. पुण्याच्या एका लहान ब्रूअरीनं थंडीसाठी एकच घाणा काढला होता, त्यातले दोन केग मालकांच्या मुलानं हट्टानं इकडे आणवले. आपल्याकडे टॅपवर गडद बिअर म्हटली की स्टाऊट, फार तर पोर्टर, दोन्ही इंग्रजी वळणाच्या. श्वार्ट्झबिअर करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्याचं कारण खाली लिहितो, आधी चव.

ग्लासात काळीकुट्ट दिसते, पण उजेडाला धरली की कडेला गडद लाल झाक येते. वर फिकट तपकिरी फेस, आणि तो लगेच बसत नाही. वास पावाच्या खरपूस कडेचा, मागून थोडी कॉफी, थोडं कडू चॉकलेट. एवढं सगळं असून घोट अंगानं हलका. शेवट कोरडा आणि स्वच्छ, जिभेवर राख राहत नाही. गोडसर चिकटपणा नाही. मला तर या स्वच्छपणाचंच सगळ्यात अप्रूप वाटलं. भाजणीचा स्वाद ठेवायचा आणि करपटपणा गाळायचा, हे फार कौशल्याचं काम आहे, आणि ज्या कोणी ही बिअर केली आहे त्यांना ते नीट साधलंय.

ही शैली पूर्व जर्मनीतली, थुरिंगिया आणि सॅक्सनी भागातली. बाड क्योस्ट्रिट्झ गावची ब्रूअरी १५४३ पासून आपलं नाव सांगते, आणि तिची काळी बिअर आजही जगभर जाते. स्टाऊट ही एल प्रकारातली: तिचं यीस्ट साधारण अठरा-वीस अंशांना काम करतं आणि दोनेक आठवड्यांत बिअर ग्लासात येऊ शकते. श्वार्ट्झबिअर लागर आहे. तिचं यीस्ट आठ-बारा अंशांना संथ चालतं, आणि त्यानंतर गोठणबिंदूच्या जवळ नेऊन तिला कित्येक आठवडे नुसतं मुरू द्यावं लागतं. लहान ब्रूअरीकडे टाक्या मोजक्या. एक टाकी महिना-दीड महिना अडकवायची, तेवढ्या वेळात गव्हाच्या बिअरचे दोन-तीन घाणे निघाले असते. म्हणून ही दुर्मिळ. वेळ महाग पडतो.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारच्या टेबलावर दोघांनी ती 'लई कडक असंल' म्हणून मागवलीच नाही. पलीकडच्या एकानं मागवली आणि 'चढत नाही' म्हणून अर्धी सोडली. तिघांचाही समज एकच: काळी म्हणजे कडक. हा समज राहिला तर दुसरा केग परत जाईल आणि तिसरा कधी येणार नाही. या बिअरला पाश्चरायझेशन नाही. केग उघडला की दोन-तीन आठवड्यांत संपायला हवा, नाहीतर चव उतरते. मालक धंदा करतात, तोटा सोसून आपली हौस ते कशाला पुरवतील? म्हणून कळकळीनं सांगतो: बिअर घेणारच असाल तर या आठवड्यात ही घ्या.

जाताना दोन गोष्टी. फ्रीजरमधला बर्फाळलेला मग देऊ लागले तर नको म्हणा, साधा धुतलेला ग्लास मागा. जीभ बधिर झाली तर या बिअरमधलं काहीच कळणार नाही. आणि अर्धा लिटर घेण्याआधी घोटभर चव मागा, ते देतात.

सांगलीचा_दाद्या

भावा, पण काळी बिअर कडक नसती हे कसं काय? आमच्यात तर सगळी असंच म्हणत्यात. आन् दर काय हाय?

कृष्णाकाठ

दाद्या, अर्धा लिटरला साडेतीनशे. महाग आहे, मान्य. पण पुण्याहून थंड गाडीनं येते, तोही खर्च त्यात आला.

आता कडकपणाचं. बार्ली भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, की झाला माल्ट. बिअरमधलं अल्कोहोल येतं या माल्टमधून सुटलेल्या साखरेतून. जितकी साखर जास्त आणि यीस्टनं ती जितकी खाल्ली, तितकी बिअर कडक. रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. रंग येतो तो माल्ट किती भाजला त्यावरून, कॉफीच्या बियांचं होतं तसंच. आणि भाजलेला माल्ट लागतो तरी किती? शंभर किलोमध्ये जेमतेम चार-पाच किलो, बाकी सगळा फिकटच. उलट भाजताना त्या दाण्यातली बरीचशी साखर करपून जाते, त्यामुळे अल्कोहोलमध्ये त्याची भर थोडीच असते.

गिनेस ड्राफ्ट बघ. काळी, दाट फेसाची, आणि फक्त ४.२ टक्के. आपल्याकडच्या दुकानात जी सोनेरी 'स्ट्राँग' मिळते ती सात-आठ टक्क्यांची. म्हणजे रंगानं फिकट ती कडक आणि काळी ती सौम्य, असं सरळ उलटं गणित आहे. अर्थात कडक काळ्या बिअरही असतात, इम्पीरियल स्टाऊट आठ-दहा टक्क्यांच्या पुढे जातात. म्हणून रंग बघू नकोस, टक्के विचार.

मिरजेची_तार

छान लिहिलंय. एक विचारू का, तिथे फॅमिली सेक्शन आहे का? मी आणि माझी वहिनी, दोघींना चाखायची आहे, पण परमिट रूम म्हटलं की आम्हा बायकांना आधी बसायची जागा बघावी लागते, मग बिअर.

कृष्णाकाठ

आहे ताई. वरच्या मजल्यावर वेगळी खोली आहे, जिना रस्त्याच्या बाजूनंच आहे, खालच्या हॉलमधून जावं लागत नाही. जेवायला कुटुंबं येतात. मुलगा काउंटरवर असतो, त्याला काळ्या बिअरचं विचारलंत तर तो खूष होऊन सांगतो.

वाटसरू_कराड

वाचनखूण साठवली. शनिवारी सांगलीत आहे.

निवृत्त_मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून या धाग्यात एक भर.

माल्टमधल्या पिष्टाची साखर होते ती गरम पाण्यात, आणि त्या लगद्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप) ५.२ ते ५.६ च्या आसपास असला तर ही साखर करणारी एन्झाइम नीट काम करतात. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर पीएच वर सरकतो, आणि टरफलांतला तुरटपणाही उतरतो. भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो, तो पीएच खाली ओढतो. डब्लिन, लंडन, म्युनिक या तिन्ही शहरांचं पाणी बायकार्बोनेटचं, आणि तिन्ही शहरं गडद बिअरसाठी गाजली. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी मात्र अतिशय मऊ. तिथेच १८४२ मध्ये ती सोनेरी लागर जन्मली, जिची नक्कल आज सगळं जग पितं. पीएच हा शब्द येण्याआधी शेकडो वर्षं लोक आपल्या विहिरीला मानवेल तीच बिअर करत आले, याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्या भागात बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरच्या कॉइलवर दिसतंच. आजच्या ब्रूअऱ्या आरओ लावून हवं तसं पाणी बनवतात. पण उद्या कोणी सांगलीत, इथल्याच पाण्यावर बिअर करायची म्हटली, तर गडद बिअरपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन.

अजिंक्यतारा_रोज

साताऱ्याहून लिहितोय. पुण्यात एकदा श्वार्ट्झबिअर मिळाली होती, तेव्हा सोबत घरून नेलेले कंदी पेढे होते. दोन्हीचं इतकं जमलं की मित्रांनी दुसरं काही मागवलंच नाही. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, साखर कमी असते. माल्ट भाजताना आणि खवा भाजताना प्रथिनं आणि साखर यांची एकच रासायनिक क्रिया होते, मास्तर जास्त सांगतील. दुधाळ, जास्त गोड पेढा चालत नाही, बिअर आंबट लागते. कंदीच हवा.

निवृत्त_मास्तर

बरोबर, मायार्ड क्रिया. चपातीवरचे डाग, भाजलेलं मटण, माल्ट, खवा, सगळीकडे तीच.

सुगरण_सांगली

भडंग कसं लागेल याबरोबर? लसूण जास्त असलेलं?

कृष्णाकाठ

उत्तम लागतं, पण बेतानं तिखट असलेलं घ्या. बिअरचा वायू आणि कडूपणा तिखट वाढवतात, मग ना भडंग कळत ना बिअर. माझा अनुभव असा की कोरडं, खरपूस काहीही छान जातं: तव्यावर परतलेलं सुकं मटण, भाजलेले शेंगदाणे, कांदा जरा जास्त परतलेलं अंडं. तांबड्या रश्शाबरोबर मात्र मजा नाही.

तासगावची_लेक

मी जरा वेगळं लिहिणार आहे. राग मानू नका.

माझ्या माहेरच्या गावात बायकांनी दारूचं दुकान बंद करायला दोन वर्षं धडपड केली. महाराष्ट्रात तसा नियम आहे, गावातल्या निम्म्याहून जास्त स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. माझी आई घरोघर फिरली. ज्यांच्या घरी मार होता त्या बायका दिवसा बोलायच्या नाहीत, रात्री मागच्या दारानं यायच्या. त्यामुळे दारूच्या चवीचं, वासाचं इतकं कोडकौतुक वाचलं की माझ्या पोटात कालवतं. तुम्ही चांगल्या मनानं लिहिता हे दिसतंय. पण हा धागा वाचून एखादा नवा मुलगा पहिला ग्लास उचलेल, त्याचं काय?

कृष्णाकाठ

ताई, राग अजिबात नाही. तुमच्या आईंनी केलं ते काम माझ्या या हौसेपेक्षा फार मोठं आहे, आणि मतदान असतं तर मी त्यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

जो पीत नाही त्यानं या धाग्यामुळे सुरू करू नये, हे मी अगदी मनापासून म्हणतो. मी लिहितोय ते जे आधीच घेतात त्यांच्यासाठी. आपल्याकडे पिण्याचं मोजमाप 'किती लवकर चढली' एवढंच आहे. दुकानात टक्के बघून बाटली निवडतात, चवीचा प्रश्नच येत नाही. साडेचार-पाच टक्क्यांचा एक ग्लास तासभर, जेवणाबरोबर, चव घेत घेणारा माणूस आणि दोन स्ट्राँग बाटल्या वीस मिनिटांत रिचवणारा माणूस यांत फरक आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सौम्य आणि चवीची बिअर गावात टिकली, तर त्या दुसऱ्या माणसापुढे निदान एक पर्याय तरी राहील. याला दारूमुक्ती म्हणता येणार नाही हे मला कळतं.

आणि ज्याचं घेणं हाताबाहेर गेलंय त्याच्यासाठी काळी, पिवळी कुठलीच बिअर नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथली माणसं न हिणवता मदत करतात. आपल्या जिल्ह्यातूनही लोक जातात.

तासगावची_लेक

एवढं सरळ लिहिलंत, बरं वाटलं. मत माझं तेच आहे. पण परिवर्तनचा उल्लेख धाग्यात राहू द्या, काढू नका.

घाटमाथा

इतिहासाची थोडी भर, कारण काळी बिअर भारतात नवीन आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती सोनेरी लागरच्या कितीतरी आधी इथे आली. अठराव्या शतकात लंडनचे हमाल आणि कष्टकरी पोर्टर प्यायचे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तीच पोर्टर पिंपांनी भारतात यायची. फिकट एल साहेबांच्या टेबलावर, पोर्टर गोऱ्या शिपायांच्या छावणीत, अशी साधारण वाटणी होती. आज लोकांना फक्त इंडिया पेल एल ठाऊक आहे, पोर्टर सगळे विसरले.

ती पोर्टर तपकिरी होती, काळी नव्हे. काळा रंग आला १८१७ नंतर. त्या साली डॅनियल व्हीलर या इंग्रजानं लोखंडी पिंप फिरवत माल्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी माल्ट लाकडाच्या आचेवर भाजत, जळायचा, धुरकटायचा. व्हीलरच्या यंत्रात माल्ट न जाळता काळा होईपर्यंत भाजता यायचा. मग ब्रूअरांनी बहुतेक माल्ट फिकट वापरायचा आणि रंगापुरता चिमूटभर काळा टाकायचा, असं सुरू केलं. कृष्णाकाठ यांनी वर दिलेलं चार-पाच किलोचं गणित तिथून आलं. गिनेस कंपनी १७५९ सालची, म्हणजे तिची आजची काळी ओळख तिच्या स्थापनेनंतर साठेक वर्षांनी आली.

आणि आपल्या अगदी जवळ, श्रीलंकेत, लायन स्टाऊट आजही बनते. तिचं मूळ नुवारा एलियाच्या चहाच्या डोंगरातलं. ती मात्र खरोखर कडक आहे, आठ टक्क्यांच्या वर. दाद्याचा समज तिला लागू पडेल.

जतवाला

आमच्याकडं बार्ली नाही, ज्वारी हाय. शाळू, मालदांडी. ज्वारीची काळी बिअर होईल काय? भाव मिळत नाही म्हणून विचारतोय, गंमत म्हणून नव्हं.

माल्टवाला

मी याच व्यवसायात आहे, पुण्याला. जतवाले, प्रश्न अगदी योग्य आहे. होते, आणि मोठ्या प्रमाणावर झाली आहे. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या गिनेसला ज्वारी आणि मक्यावर स्टाऊट करावी लागली. तिथे आजही ज्वारी वापरतात.

अडचणी अशा. ज्वारीचं पिष्ट बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतं, म्हणून ते आधी वेगळं शिजवावं लागतं. तिला मोड आणले तरी साखर करणारं एन्झाइम बार्लीइतकं निघत नाही, ते बाहेरून घालावं लागतं. बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं, ज्वारीला ते नाही, त्यामुळे रस निथळायला वेळ लागतो. पण भाजलेली ज्वारी सुंदर लागते, आणि तिच्यात ग्लुटेन नाही. रंगासाठी म्हणून थोडी भाजलेली ज्वारी वापरायला कुठल्याही ब्रूअरीला आजही अडचण नाही. मात्र लहान ब्रूअरीची गरज पोत्यांची असते, ट्रकांची नाही. त्यावर भाव वाढेल अशी आशा मी लावणार नाही.

मूळ विषयाबद्दल: श्वार्ट्झबिअरसाठी बरेचजण टरफल काढलेला भाजका माल्ट वापरतात, बाम्बर्गच्या वायरमान कंपनीचा प्रसिद्ध आहे. करपट, तुरट चव मुख्यतः जळक्या टरफलातून येते. तुम्हाला जो स्वच्छ शेवट आवडला त्याचं एक कारण हे, दुसरं कारण थंडीतलं मुरणं.

आता मालकांना हे जरूर सांगा. केग कायम दोन ते चार अंशांत राहिला पाहिजे, वीज गेली तरी. टॅपची नळी दर दोन आठवड्यांनी रसायनानं धुतली पाहिजे. बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर बहुधा दोष नळीचा असतो आणि शिव्या ब्रूअरला बसतात. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, बदलून मागा. आणि ही बिअर सात-आठ अंशांना द्यावी, त्याहून गार नको.

मिरजेची_तार

काल जाऊन आलो, वहिनी आणि मी. खोली स्वच्छ आहे, कोणी वळून बघितलं नाही. वहिनीला पहिला घोट कोऱ्या कॉफीचा वाटला, तिसऱ्यापासून आवडली. मला पहिल्यापासून. एक अर्धा लिटर दोघींत घेतला आणि रिक्षानं घरी आलो. मला वाटलं होतं पोट जड होईल, तसं काही झालं नाही, नंतर व्यवस्थित जेवलो.

रस्त्यावरचा

परमिट मागतात का? आणि वय?

कृष्णाकाठ

बिअरसाठी २१ पूर्ण हवीत. परमिट एक दिवसाचा तिथेच मिळतो, आजन्म असेल तर बरोबर ठेवा. गाडी घरी ठेवा. रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. अर्धा लिटरनंतर आपण तिच्या कुठल्या बाजूला आहोत हे कोणी अंदाजानं सांगू शकत नाही. मिरजेच्या ताईंनी केलं तेच बरोबर.

सांगलीचा_दाद्या

जाऊन आलो भावा. खरं सांगतो, लई भारी. चवच वेगळी. दोघं मित्र घेऊन गेलो, एकाला नाही आवडली, एकानं परत मागवली. मालकाला माल्टवाल्यांचं नळीचं, ग्लासाचं सगळं सांगितलं, त्यानं पोराला बोलवून लिहून घ्यायला लावलं. पहिला केग संपत आलाय म्हणाला. दुसरा उद्या जोडणार. तो पंधरा दिवसांत संपला तर पुण्याला पुढची ऑर्डर देतो, नाहीतर नाही, असं सरळ बोलला.

कृष्णाकाठ

वा दाद्या! म्हणजे तीस लिटरचा केग, अर्धा लिटरचे साधारण साठ ग्लास. इथे येणारे सांगली-मिरज-जयसिंगपूरचे लोक धरले तर हे सहज जमण्यासारखं आहे. शनिवारी साडेसातला मी वरच्या खोलीत आहे. कराडहून येणारे वाटसरू, तुम्ही व्यनि करा. साताऱ्याहून कोणी येत असेल तर कंदी पेढे घेऊन या, पैसे मी देतो.

अजिंक्यतारा_रोज

पैसे नकोत. एक किलो आणतो. एस्टीनं येतोय, सातपर्यंत पोचेन.